उठावण्यानंतरचे काम

अहिल्यानगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांतून दुचाकीस्वार, सायकलवाले आणि पायी चालणारे कामगार एकाच वेळी रस्त्यावर येतात. त्याच रस्त्याने राहुरी, शिर्डी, कोपरगावच्या दिशेने मालट्रक, कंटेनर आणि टँकर धावत असतात. गळीत हंगामात उसाने भरलेल्या वाहनांची त्यांत भर पडते. या गर्दीत एखादा अपघात घडतो तेव्हा एका घराचा कर्ता माणूस जातो आणि त्या घरावर दुःखाबरोबरच अपरिचित कागदांचा भार येऊन पडतो.

असे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. कारखान्यात हिशेबनीस असलेला चौतीस वर्षांचा तरुण, त्याची पत्नी, दोन लहान मुले आणि विधवा आई. मासिक पगार वीस हजार रुपये. संध्याकाळी घरी परतताना मागून आलेल्या मालट्रकने दुचाकीला धडक दिली आणि सारे संपले. उठावण्याला जमलेल्या मंडळींत कोणीतरी हळू आवाजात नुकसानभरपाईचा विषय काढतो. घरातील वडीलधारे तितक्याच हळू आवाजात उत्तर देतात, ‘पैशाने माणूस परत येत नाही. ज्याचे कर्म त्याच्यापाशी. आपण कोर्टाची पायरी कशाला चढायची?’ विषय तेथेच थांबतो. असे अनेक घरांत घडते, आणि या मौनाची किंमत पुढे त्या दोन मुलांना मोजावी लागते.

ट्रकचालकाला मनोमन क्षमा करण्याचा अधिकार कुटुंबाला निश्चितच आहे. परंतु भरपाईचा दावा चालकावर सूड उगवण्यासाठी नसतो. निष्काळजीपणाबद्दलचा फौजदारी खटला शासन चालवते. भरपाईचा दावा स्वतंत्र असतो आणि ती रक्कम बहुधा विमा कंपनी देते. रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक ट्रकचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा केलेला आहे, तो नेमका अशाच प्रसंगासाठी. त्या विम्यातून मिळणारी रक्कम मृताचे मोल ठरवीत नाही. तो हयात असता तर घरात जे आणले असते, त्याचा काही अंश ती भरून काढते. हा हक्क मुलांचा आणि वृद्ध आईचा आहे. तो सोडून देण्याचा अधिकार उठावण्याला जमलेल्या कोणालाही नाही.

पहिले तास आणि पहिले दिवस

जखमी व्यक्ती जिवंत असेल तर सर्वांत आधी उपचार. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात दाखल करतानाच या योजनेविषयी विचारणा करावी. जखमीला मदत करणाऱ्या त्रयस्थ माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. म्हणून पाहणाऱ्यांनी भीतीने दूर राहण्याचे कारण नाही.

घटनास्थळी जो कोणी नातेवाईक किंवा सहकारी पोहोचेल, त्याने चार गोष्टी कराव्यात. ट्रकचा क्रमांक पुढून व मागून दिसेल असे छायाचित्र घ्यावे. रस्त्यावरील घसरणीच्या खुणा, दोन्ही वाहनांची स्थिती, मागील दिवे आणि परावर्तक पट्ट्या होत्या की नव्हत्या, हे टिपून ठेवावे. ज्यांनी अपघात पाहिला त्यांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने घ्यावेत. जवळच्या कारखान्याच्या फाटकावर किंवा दुकानावर कॅमेरा असेल तर त्यातील चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती पोलिसांना त्याच दिवशी करावी. अशी चित्रणे काही दिवसांत आपोआप पुसली जातात आणि मग ती कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने परत येत नाहीत.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाला नकार देऊ नये. अनेक कुटुंबे भावनेपोटी ते टाळू पाहतात. पण मृत्यू अपघातातील इजेमुळेच झाला, हे सिद्ध करणारा तो मुख्य कागद असतो. फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाच्या तपासणीचा अहवाल आणि पुढे दोषारोपपत्र, या सर्वांच्या प्रती मागून घ्याव्यात. ट्रकची नोंदणी, विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांच्या प्रतीही पोलिसांच्या तपासात येतात. ट्रक परराज्यातील असेल तर या कागदांचे महत्त्व दुप्पट होते, कारण ट्रक एकाच्या नावावर, माल दुसऱ्याचा आणि वाहतूक कंत्राट तिसऱ्याचे, असा प्रकार नेहमी आढळतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी पोलिसांवर ठरावीक मुदतीची जबाबदारी टाकली आहे. अपघातानंतर ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे जावयास हवा. कुटुंबाला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुनाही पोलिसांनी द्यावयाचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गोहर मोहम्मद’ प्रकरणात या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे निर्देश दिले. तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन हे अहवाल मागणे म्हणजे कोणाकडे मेहेरबानी मागणे नव्हे.

दावा कोठे आणि केव्हा

भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. जेथे अपघात झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोणतेही ठिकाण अर्जदार निवडू शकतो. नागापुरात अपघात झाला आणि पत्नी मुलांना घेऊन बीडला माहेरी राहावयास गेली, तर ती बीडलाही दावा दाखल करू शकते. ही सवलत पुष्कळांना ठाऊक नसते आणि तारखांच्या खेपांना भिऊन दावाच राहून जातो.

मुदतीविषयी मात्र फार सावध असावे. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मर्यादा १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही अंतरिम आदेशावर घराचे भवितव्य टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. वर्षश्राद्ध किंवा पुण्यतिथी होऊ द्यावी आणि मग पाहावे, ही रीत येथे घातक ठरू शकते. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे.

पाच लाख की अधिक?

कायद्यात दोन वाटा आहेत आणि त्यांतील फरक न कळल्यामुळे होणारे नुकसान सर्वांत मोठे असते. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ खाली ट्रकचालकाची चूक दाखवावी लागते, पण तेथे रक्कम प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे ठरते. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. दुःखात असलेल्या घरापुढे पाच लाखांचा कागद येतो, हातात पैसा नसतो, आणि सही होऊन जाते.

वर कल्पिलेल्या घराचा हिशेब मांडून पाहावा. २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निवाड्यानुसार ठरावीक पगारावरील चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात. म्हणजे वीस हजारांचे अठ्ठावीस हजार झाले. २००९ च्या ‘सरला वर्मा’ निवाड्याप्रमाणे चार अवलंबित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो. उरले एकवीस हजार, वर्षाचे दोन लाख बावन्न हजार. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. गुणाकार येतो ४० लाख ३२ हजार रुपये. त्यावर अंत्यविधी, मालमत्तेचे नुकसान आणि पत्नी, मुले, आई यांच्या सहवासाला मुकण्यापोटीच्या ठरावीक रकमा, तसेच न्यायाधिकरण देईल ते व्याज. नोकरी कायम स्वरूपाची होती असे सिद्ध झाले तर भविष्यातील वाढ ४० ऐवजी ५० टक्के धरली जाते. मृताचीही काही चूक ठरली तर तेवढा भाग कमी होतो. तथापि पाच लाख आणि चाळीस लाख यांतील अंतर कोणालाही कळण्याजोगे आहे.

हा हिशेब कागदावर उभा राहतो. पगारपत्रके, बँकेचे उतारे, भविष्य निर्वाह निधीची नोंद, आयकर विवरणपत्र, वयाचा दाखला. व्यापारी घरांत उत्पन्न कमी दाखवण्याची सवय असते. वाचवलेला कर अपघाताच्या दिवशी कित्येक पटींनी अंगावर येतो, कारण विवरणपत्रात जे उत्पन्न आहे तेच न्यायाधिकरण प्रथम पाहते. गृहिणीचा मृत्यू झाला तर तिला उत्पन्न नव्हते म्हणून भरपाई नाही, असेही नाही. घरातील श्रमाचे मूल्य न्यायालये धरतात आणि जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले आहे. अपंगत्व आले असल्यास केवळ शरीराची टक्केवारी पाहिली जात नाही. त्या अपंगत्वाने त्याच्या कमाईवर काय परिणाम झाला, हे पाहिले जाते. यंत्रावर उभे राहून काम करणाऱ्याचा पाय गेला तर त्याची कमाई जवळजवळ सारीच जाऊ शकते.

धडक देऊन ट्रक पळून गेला आणि त्याचा थांगच लागला नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे करावयाचा नसतो. तो तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या महसूल अधिकाऱ्याकडे जातो.

कवठ्याची पहाट

विमा कंपनी हरकती घेते आणि त्या ऐकून पुष्कळ कुटुंबे खचतात. त्यांनी महाराष्ट्रातीलच एक प्रकरण लक्षात ठेवावे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि मालट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्यापासून सुमारे वीस फुटांवर कलंडला आणि त्यातून पेट्रोल गळू लागले. लोक जमले. सुमारे चार तासांनंतर स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी अनेकांचा जीव गेला. त्यांतील एका तरुणाच्या आईने त्या वेळच्या कायद्याप्रमाणे चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या पंधरा हजार रुपयांसाठी अर्ज केला. टँकर तेव्हा चालू स्थितीत नव्हता, म्हणून हा मृत्यू वाहनाच्या वापरातून घडलेला नाही, असे म्हणणे पुढे आले आणि न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. ती माउली थांबली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि जुलै १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कलंडून निश्चल पडलेल्या वाहनामुळे झालेली हानीही त्याच्या वापरातून उद्भवलेली असू शकते, हे तत्त्व त्यातून देशभर रूढ झाले. दिवे न लावता, परावर्तकाविना रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रकवर दुचाकी आदळते तेव्हाही हे तत्त्व उपयोगी पडते. त्या प्रकरणाचा दुसरा बोध साधा आहे: कलंडलेल्या टँकरजवळ गर्दी करू नये.

कामावर जाता-येता

नागापूरसारख्या वसाहतीत आणखी एक हक्क पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. कामगार राज्य विमा योजनेत समाविष्ट असलेल्या कामगाराचा घर आणि कारखाना यांच्या वाटेवर अपघात झाला, तर २०१० च्या दुरुस्तीपासून तो कामाच्या ओघात झालेला अपघात मानला जातो आणि कुटुंबाला अवलंबितांचे मासिक निवृत्तिवेतन मिळू शकते. या योजनेबाहेरील कामगारांविषयी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय याच राज्यातील आहे. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी दिलेली सव्वातीन लाखांच्या आसपासची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मंजूर केली. अपघाताची वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर वाटेवरचा अपघातही नोकरीतलाच, असा त्याचा आशय आहे. त्या घराला बावीस वर्षे वाट पाहावी लागली, हेही खरे. मात्र एकाच अपघातासाठी कामगार भरपाई कायदा आणि मोटार वाहन कायदा या दोन्हींखाली भरपाई घेता येत नाही. दोहोंपैकी एक वाट निवडावी लागते, म्हणून अर्जापूर्वी वकिलाकडून हिशेब करून घ्यावा.

मालट्रकमध्ये हात दाखवून फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर सहसा बसत नाही, हेही तरुणांना सांगून ठेवावे. वाचलेले बसभाडे त्या जोखमीच्या तुलनेत काहीच नाही.

विहारमार्गावरील अपघात

चातुर्मासाआधी व नंतर साधू-साध्वींचे विहार याच महामार्गांवरून होतात. ज्यांनी संसाराचा त्याग केला, त्यांच्या पश्चात दावा कोण करणार, असा प्रश्न अशा वेळी पडतो. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संन्यस्त जीवन जगणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मबंधूच्या अपघाती मृत्यूनंतर त्याच्या धर्मसंस्थेने केलेला दावा ग्राह्य धरला. कायदेशीर प्रतिनिधी ही संकल्पना पत्नी-मुलांपुरती संकुचित नाही, असे न्यायालयाने म्हटले. संघाच्या विश्वस्तांनी हा निवाडा माहीत करून घ्यावा. त्याहूनही आधी, पहाटेच्या अंधारात विहार टाळणे, सोबतच्या श्रावकांनी परावर्तक पट्टे घालणे आणि मागेपुढे दिवा धरणे, ही काळजी संघाच्या हाती आहे.

ट्रक ज्यांचे आहेत त्यांनी

समाजातील अनेक घरे मालवाहतुकीच्या आणि घाऊक व्यापाराच्या धंद्यात आहेत. अपघाताच्या दुसऱ्या बाजूला कधी तीही असतात. चालकाने पळून न जाता जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. विम्याचा हप्ता एक दिवस चुकला आणि त्याच दिवशी अपघात झाला, तर लाखोंची रक्कम मालकाच्या स्वतःच्या मिळकतीतून जाते. चालकाचा परवाना वैध नसेल तर न्यायालय विमा कंपनीला आधी पीडितांना पैसे द्यावयास सांगते आणि मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. चालकाला झोपेविना सलग रात्री पळवणे, ट्रकमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे, यांतून वाचलेला पैसा नफा म्हणून मोजावा काय, याचा विचार पेढीवर बसूनच करता येतो. पीडित घरी जाऊन पन्नास हजारांत आपसांत मिटवण्याचा कागद लिहून घेणे हे तर कोणत्याही प्रतिष्ठित पेढीला शोभत नाही.

वकील आणि मध्यस्थ

रुग्णालयाच्या दाराशी टक्केवारीवर दावा मिळवून देणारे मध्यस्थ भेटतात. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही कधीही करू नये. मूळ कागद कोणाच्याही हाती न देता छायाप्रती द्याव्यात. फी लेखी ठरवावी. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास पैसे लवकर हाती येतात, पण तिच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून रकमेचा हिशेब स्वतः केल्यावाचून संमती देऊ नये. मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बहुधा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवते. ती अडचण न मानता संरक्षण मानावे.

उठावण्याला आलेला प्रत्येक जण निघताना म्हणतो, काही लागले तर सांगा. त्या घराला तेव्हा काय लागेल ते सांगता येत नाही. म्हणून जाणत्या माणसाने स्वतःहून पुढे व्हावे, पोलीस ठाण्यातून कागदांच्या प्रती आणाव्यात, त्या एका फायलीत लावून त्या स्त्रीच्या हाती द्याव्यात आणि फायलीवर ठळक अक्षरांत अपघाताची तारीख व त्याखाली सहा महिन्यांनंतरची तारीख लिहावी.